रिव्हर्स एज (१९८६): ती मुलं गप्प का बसली?

स्नेहल_डोंबिवली

नमस्कार मंडळी, परवा रात्री रिव्हर्स एज बघितला, टिम हंटरचा, आणि तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये म्हणून इथे लिहितेय. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, शेवट फोडत नाही (खाली कोणी फोडणार असेल तर आधी तसं लिहा प्लीज).

कॅलिफोर्नियातलं एक उपनगर, हायस्कूलमधल्या मुलामुलींचा ग्रुप. त्यातला सॅमसन नावाचा धिप्पाड मुलगा ग्रुपमधल्याच जेमीला गळा दाबून मारतो, बॉडी नदीकाठी उघडी टाकून देतो आणि सरळ मित्रांना येऊन सांगतो की मी तिला मारलं. कोणाचा विश्वास बसत नाही तर तो त्यांना घेऊन जातो आणि दाखवतो. पोरं बघतात आणि परत येतात. घरी जातात, भांडतात, खातात, गांजा ओढतात, दुसऱ्या दिवशी शाळेत जातात. पोलिसांना फोन करायचा विचार दोघांच्या मनात येतो, क्लॅरिसा म्हणजे आयोनी स्काय फोन उचलते पण लावून पुन्हा ठेवून देते, आणि मॅट म्हणजे कियानू रीव्हज, तो पुढे काय करतो ते सांगत नाही. लेन नावाचा त्यांचा म्होरक्या मात्र हिरीरीने सगळ्यांना पटवत फिरतो की जेमी तर गेली, आता तिच्यासाठी काही करता येणार नाही, सॅमसन जिवंत आहे तर त्याला वाचवायला हवं.

हे खऱ्या घटनेवर आहे असं वाचलं आणि तिथेच मी अडकले. खून करणारा मुलगा मला तरी समजतो, म्हणजे पटत नाही पण अशी माणसं असतात हे माहितीये. बाकीच्यांचं काय? त्यांची मैत्रीण होती ना ती, एकत्र फिरायची, आणि कोणाच्या डोळ्यात पाणी पण नाही. दिग्दर्शकाने मुद्दाम असं दाखवलंय का, आजची पिढी बघा कशी दगड झालीये वगैरे, की खरंच असंच घडलं होतं? कारण माझा मुलगा सोळाचा आहे, त्याचाही एक ग्रुप आहे, रात्री उशिरापर्यंत कट्ट्यावर असतात, आणि त्यांच्यातलं मला किती कळतं हा प्रश्न मला पिक्चर बघताना सतत पडत होता. त्याला दाखवावा का हेही सांगा, मला दाखवावासा वाटतोय पण धाडस होत नाहीये.

---

जुना_प्रोजेक्टर

स्नेहलताई, चांगला विषय काढलात, या पिक्चरवर मराठीत कोणी फारसं लिहीत नाही.

खरी घटना १९८१ च्या नोव्हेंबरमधली, गाव मिलपिटास, सॅन होजेला लागून. मुलगी १४ वर्षांची, मारणारा १६ चा. नदीबिदी नव्हती, खून त्याच्या घरात झाला आणि बॉडी त्याने गावाबाहेरच्या डोंगरात नेऊन टाकली. आणि हो, पिक्चरमध्ये दाखवलंय तसंच त्याने मित्रांना सांगितलं आणि गाड्यांमधून नेऊन दाखवलं, एकदा नाही, वेगवेगळ्या गटांना, दहाबारा जणांनी तरी ती बॉडी बघितली होती. एकाने तर ती झाकायला वर पालापाचोळा टाकला. दोन दिवस गेले आणि मग त्यातल्याच दोघांनी पोलिसांना सांगितलं. म्हणजे तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो, असंच घडलं होतं, हा भाग लेखकाच्या मनचा नाही. मारणाऱ्या मुलावर मोठ्या माणसासारखा खटला चालला, त्याने गुन्हा कबूल केला आणि २५ वर्षं ते जन्मठेप अशी शिक्षा झाली.

मनचा भाग कुठला तर फेक नावाचं पात्र. डेनिस हॉपरने केलेला तो एका पायाचा जुना बाइकवाला, जो मुलांना फुकट गांजा देतो, ज्याने वर्षांपूर्वी आपल्या मैत्रिणीला मारलंय आणि जो आता एका फुगवायच्या बाहुलीबरोबर राहतो. खऱ्या घटनेत असा कोणी नव्हता. नील हिमेनेझने ही पटकथा यूसीएलए विद्यापीठात शिकत असताना लिहिली, म्हणजे लिहिणारा त्या मुलांपेक्षा फार मोठा नव्हता, आणि मला वाटतं फेक त्याला एवढ्यासाठीच लागला की या मुलांना आजूबाजूला एक तरी मोठा माणूस असा दिसावा ज्याला खून म्हणजे काय हे आतून माहितीये. बाकीचे मोठे बघा ना. मॅटची आई त्याला विचारते काय तर माझा गांजा तू घेतलास का. तिचा मित्र घरात आहे पण नुसताच आहे. शाळेतले ते बर्कवेट सर साठच्या दशकात आम्ही रस्त्यावर उतरलो, आम्ही जग बदललं, हेच सांगत असतात, आणि मुलगी मेल्यावर वर्गावर ओरडतात की तुमच्यापैकी कोणाला काही पडलेली नाही. ओरडतात, पण एकाही मुलाला बाजूला घेऊन तू ठीक आहेस का असं विचारत नाहीत. मला तो प्रसंग सगळ्यात जास्त लागला, कारण ते बोलतायत ते चूक नाहीये.

मुलं दगड झालीत असं पिक्चर म्हणतो असं मला नाही वाटत. क्लॅरिसाचं ते आठवा, ती म्हणते की टीव्हीवर ब्रायन्स साँग बघताना तो माणूस मेला तेव्हा मी रडले होते, आणि जिच्याबरोबर रोज फिरायचे तिच्यासाठी रडू येत नाहीये. जिला काहीच वाटत नाही ती असं बोलणार नाही, तिला आपलं आपल्यालाच कळत नाहीये की मला काय झालंय.

फ्रेडरिक एल्म्सचा कॅमेरा आहे, ज्याने त्याच वर्षी ब्लू व्हेल्व्हेट केला, आणि कॅमेरा बॉडीकडे पुन्हा पुन्हा परत जातो ते उगीच नाही. मुलं तिला विसरतायत, पिक्चर आपल्याला विसरू देत नाही. ती तिथे थंडीत पडून आहे, निळी पडत चाललीये, आणि इकडे ही पोरं लेनच्या त्या फोक्सवॅगनमध्ये फिरत बोलतायत की सॅमसनला कुठे लपवायचं. या पिक्चरला इंडिपेंडंट स्पिरिट अवॉर्ड मिळालं, सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि पटकथा दोन्हीचं, आणि तरी आज लोक त्याला कियानूचा एक जुना पिक्चर एवढंच ओळखतात याचं वाईट वाटतं.

---

रेवती_क

मला पिक्चर आवडला पण क्रिस्पिन ग्लोव्हरने, म्हणजे लेनने, घाण केली असं माझं स्पष्ट मत आहे. बाकी सगळे इतके साधे, खरे वाटतात आणि हा हातवारे काय करतो, आवाज काय काढतो, वेगळ्याच पिक्चरमधून आल्यासारखा. डॅनियल रोबक बघा, सॅमसन, काहीही न करता नुसता बसून राहतो आणि अंगावर काटा येतो. लेन आला की मी पिक्चरमधून बाहेर पडत होते.

---

जुना_प्रोजेक्टर

रेवती, हे बऱ्याच जणांना वाटतं आणि पहिल्यांदा बघताना साहजिक आहे पण एकदा लेनचे संवाद नुसते ऐकून बघ. तो स्वतःच म्हणतो की हे एखाद्या पिक्चरसारखं आहे, दुसरीपासूनचे दोस्त, त्यातला एक संकटात, आणि आता आपली परीक्षा आहे. मारधाडीच्या पिक्चरमधल्या चक नॉरिसचं नाव पण घेतो. म्हणजे तो मुलगा पिक्चरच जगतोय! त्याच्या आयुष्यात कधी काही घडलेलं नाही, आणि आता घडलंय तर त्याला हीरो व्हायचंय, आणि हीरो कसा बोलतो हे त्याने टीव्हीवर बघितलंय त्याच्यापलीकडे त्याला माहिती नाही. ग्लोव्हर वाईट अभिनय करत नाहीये, लेन करतोय. आणि गंमत अशी की ज्याला वाचवायला तो धडपडतोय त्या सॅमसनला वाचायचंच नाहीये, तो लपत पण नाही नीट. लेनला सॅमसनची पर्वा आहे असंही मला वाटत नाही, त्याला ग्रुप टिकवायचाय. ग्रुप गेला तर त्याच्याकडे उरतं काय.

---

श्रीरंग_बेएरिया

मी मिलपिटासमध्येच राहतो म्हणून लिहितोय, धागा बघून धक्काच बसला.

आज इथे येणाऱ्याला खरं वाटणार नाही की हे तेच गाव. आज मिलपिटास म्हणजे टेक कंपन्या, केएलएचं हेडक्वार्टर, इंडिया कम्युनिटी सेंटर, साईबाबांचं मंदिर, आमच्या गल्लीत अर्धी घरं भारतीय, बाकी व्हिएतनामी, चिनी, फिलिपिनो. बार्ट म्हणजे इथल्या लोकल ट्रेनचं स्टेशन २०२० मध्ये झालं. घरांच्या किमती सांगत नाही. पण १९८१ चं मिलपिटास हे फोर्डच्या कारखान्याचं गाव होतं. १९५५ पासून तो कारखाना इथे होता, आईवडील शिफ्टमध्ये कामाला, आणि ८१ ला मंदी सुरू झाली होती, १९८३ मध्ये कारखाना बंदच पडला. त्याच इमारतीत १९९४ मध्ये ग्रेट मॉल झाला, आम्ही दिवाळीचे कपडे घ्यायला जातो तो मॉल, आणि मी त्या मॉलमध्ये शेकडो वेळा गेलो असेन पण तिथे आधी काय होतं हे मला एका शेजारच्या आजोबांनी सांगितलं, ते फोर्डमध्येच होते.

त्यांच्याकडे मी एकदा या प्रकरणाचा विषय काढला होता. ते फार बोलले नाहीत. एवढंच म्हणाले की देशभरचे पत्रकार येऊन एकच प्रश्न विचारायचे, या गावाला झालंय काय, इथल्या मुलांना झालंय काय, आणि गावातली जी बाकी हजारो मुलं नीट शाळेत जात होती त्यांना पण कित्येक वर्षं त्या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागलं. पिक्चर गावकऱ्यांना आवडला नसावा यात नवल नाही, तरी पिक्चरमध्ये गावाचं नाव कुठे घेतलेलं नाही आणि शूटिंग पण इथलं नाही, सॅक्रामेंटोकडचं आहे.

अजून एक गोष्ट जी पुण्यामुंबईत बसून लगेच लक्षात येत नाही. स्नेहलताई तुम्ही कट्टा म्हणालात. इथे कट्टा नाही. अमेरिकन उपनगरात पायी जाता येईल असं काहीच नसतं, ना कोपऱ्यावर टपरी, ना रिक्षा स्टँड, ना कोणी ओळखीचे काका जाता येता बघतायत. घर आणि शाळा, मधे रस्ते आणि पार्किंग. १६ वर्षं पूर्ण झाली की लायसन्स आणि मग गाडी हीच त्या मुलांची खोली. पिक्चरमध्ये मुलं सारखी त्या गाडीत असतात ते बघितलंत ना, ते अगदी खरं आहे, आणि गाडीत बसलेल्या पाच मुलांचं बोलणं जगातला कोणीही मोठा माणूस ऐकत नाही. माझी मुलगी पुढच्या वर्षी गाडी शिकेल. त्या डोंगरांवर, एड लेव्हिन पार्कला, आम्ही दर रविवारी चालायला जातो, सुंदर जागा आहे, आणि हे सगळं वाचल्यावर तिथे चालताना मनात काहीतरी येतंच.

---

टिळकरोड

वाचताना जक्कल प्रकरणाची आठवण झाल्याशिवाय राहिली नाही. १९७६-७७, जोशी-अभ्यंकर खून खटला. ती मुलं पण कॉलेजचीच होती, अभिनव कला महाविद्यालय, आमच्या टिळक रोडवर. पहिला खून त्यांनी केला तो आपल्याच कॉलेजातल्या मुलाचा. आणि माफीचा साक्षीदार झाला तोही त्यांच्यातलाच. माझे वडील त्या काळात पुण्यात होते, संध्याकाळी सात वाजता पेठा बंद व्हायच्या असं सांगतात. मला कायम वाटत आलंय की कॉलेजात, होस्टेलवर, कँटीनमध्ये कोणाला ना कोणाला तरी काही ना काही माहिती असणार, आणि तेव्हाच कोणी बोललं असतं तर पुढची माणसं वाचली असती. योगायोग म्हणजे त्यावरचा माफीचा साक्षीदार हा पिक्चर पण १९८६ चाच.

---

जुना_प्रोजेक्टर

टिळकरोड, आठवण येणं समजू शकतो पण दोन्हीला एका ओळीत बसवू नये असं वाटतं. जक्कल आणि कंपनी सज्ञान होते, पैशासाठी आखून दरोडे घातले, एकामागून एक दहा माणसं मारली, आणि चौघांना १९८३ मध्ये येरवड्यात फाशी झाली. तिथे भीतीने अख्खं शहर गप्प होतं. मिलपिटासमध्ये भीतीचा प्रश्न फारसा नव्हता. कट नाही, पैसा नाही, दुसरा खून होईल अशी धास्तीही नाही, आणि तरी दोन दिवस गप्प, हे जास्त अवघड आहे समजायला. माफीचा साक्षीदार होणारा स्वतः गुन्ह्यात असतो. या मुलांनी काही केलेलंच नव्हतं, हेच तर सगळं आहे.

---

अनघा_नाशिक

मी ज्युनियर कॉलेजमध्ये समुपदेशक आहे, बरीच वर्षं. सविस्तर लिहिते, सांभाळून घ्या.

मुलं गप्प बसतात त्याची कारणं एकेका मुलाकडून ऐकली की इतकी साधी असतात की ऐकणाऱ्याला राग येतो. मला वाटलं दुसरं कोणीतरी सांगेल. मला वाटलं बाकी कोणी घाबरलेलं दिसत नाहीये म्हणजे मीच जास्त विचार करतोय. मी चुगली केली तर मला ग्रुपमध्ये कोणी घेणार नाही. हे तिन्ही मी अक्षरशः ऐकलेले आहेत, खुनाच्या बाबतीत नाही देवाच्या कृपेने, पण मारहाण, रॅगिंग, एका मुलीचे फोटो फिरवले गेले तेव्हा, एक मुलगा स्वतःला इजा करून घेत होता तेव्हा. त्या मुलाचं तर त्याच्या आठही मित्रांना माहिती होतं.

१९६८ मध्ये कोलंबिया विद्यापीठात लाटाने आणि डार्ली या दोघांनी एक प्रयोग केला होता, आम्हाला शिकताना होता आणि मी पालकसभेत नेहमी सांगते. एका खोलीत विद्यार्थ्याला फॉर्म भरायला बसवायचं आणि भिंतीतल्या फटीतून धूर सोडायचा. विद्यार्थी एकटा असेल तर ७५ टक्के जणांनी बाहेर जाऊन सांगितलं. तिघं जण असतील तर ३८ टक्के वेळाच कोणीतरी सांगितलं. आणि दोघं शिकवून ठेवलेले, जे धुराकडे बघून न बघितल्यासारखं करतात, असे बरोबर असतील तर फक्त १० टक्के. लोक धुरात डोळे चोळत फॉर्म भरत बसले. आता तो नदीकाठचा प्रसंग पुन्हा बघा. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतायत. प्रत्येक जण वाट बघतोय की आधी कोणाचा तरी चेहरा बदलू दे. आणि पहिला बोलतो तो लेन, आणि तो जे बोलतो ते पुढे दोन दिवस सगळ्यांचं मत होऊन बसतं. पहिली क्लॅरिसा बोलली असती तर पिक्चर तिथेच संपला असता असं मला वाटतं.

जुना_प्रोजेक्टर यांनी ब्रायन्स साँगचं लिहिलं ते अगदी बरोबर. मृत्यू बघितल्यावर रडू न येणं हे मी कितीतरी मुलांमध्ये बघते, आजी गेली, वडील गेले, मूल दहाव्यापर्यंत कोरडं असतं आणि नातेवाईक म्हणतात बघा याला काही वाटत नाही. सुन्न होणं आणि न वाटणं यात फरक आहे, पण तो बाहेरून दिसत नाही, आणि मूल स्वतःसुद्धा घाबरतं की मी वाईट आहे का.

मला या पिक्चरमध्ये सगळ्यात जास्त काळजी वाटली ती मॅटच्या धाकट्या भावाची, टिमची, बारा वर्षांचा आहे फक्त. पिक्चर सुरू होतो तेव्हा तो पुलावरून आपल्या लहान बहिणीची बाहुली नदीत टाकतोय आणि तिथूनच त्याला सॅमसन दिसतो. तो किंचाळत नाही, घरी पळत नाही, उलट थोड्या वेळाने सॅमसनसाठी बिअर चोरून आणतो! बहिणीने बाहुलीची छोटीशी कबर केलेली असते तीही तो मोडतो. अख्ख्या पिक्चरमध्ये मेलेल्यासाठी मनापासून दुःख करणारी एकच व्यक्ती आहे आणि ती ही चिमुरडी, बाहुलीसाठी. मोठी मुलं निदान गोंधळलेली तरी आहेत. टिमला गोंधळ पण नाहीये, तो फक्त मोठ्यांकडे बघून शिकतोय की असं वागायचं असतं.

---

अॅड_वर्षा

कायद्याचा मुद्दा कोणी मांडला नाही म्हणून लिहिते, कारण पिक्चर बघून लोकांना वाटतं की त्या सगळ्या मुलांना अटक व्हायला हवी होती.

कॅलिफोर्नियात तेव्हा गुन्हा माहिती असून न सांगणं हा स्वतःमध्ये गुन्हा नव्हता. मदत केली, लपवलं, पुरावा झाकला तर गुन्हा. म्हणून ज्याने पालापाचोळा टाकला त्याला बाल सुधार कॅम्पची शिक्षा झाली, आणि ज्यांनी नुसतं बघितलं आणि गप्प बसले त्यांना काही झालं नाही. लोक संतापले, पण कायदा बदलला नाही लगेच. पुढे १९९७ मध्ये नेवाडातल्या एका कॅसिनोत सात वर्षांच्या मुलीचा खून झाला, मारणाऱ्याच्या मित्राला माहिती होतं, तो बोलला नाही, त्याच्यावर काही गुन्हा लागला नाही, तेव्हा कुठे कॅलिफोर्नियाने कायदा केला की असा गुन्हा बघितला तर कळवलंच पाहिजे. पण तो फक्त बळी १४ वर्षांखालचा असेल तर. मिलपिटासची मुलगी १४ ची होती, म्हणजे हा कायदा तेव्हा असता तरी तिच्या बाबतीत लागू झाला नसता. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुन्हा पुन्हा तपासून बघितलं.

आपल्याकडे कायदा बराच कडक आहे हे फार जणांना माहिती नसतं. जुन्या सीआरपीसीचं कलम ३९, आता बीएनएसएसचं, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, कलम ३३. खुनासारख्या गुन्ह्याची माहिती असेल तर कोणीही असो, ताबडतोब पोलिसांना किंवा मॅजिस्ट्रेटना कळवायला बांधील आहे, न कळवण्याचं काही वाजवी कारण असेल तर ते त्याने सिद्ध करायचं. आणि बांधील असून मुद्दाम कळवलं नाही तर बीएनएसचं (भारतीय न्याय संहिता) कलम २३९, सहा महिन्यांपर्यंत कैद. पॉक्सोमध्ये तर मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती असूनही न कळवणं हा वेगळा गुन्हा आहे, पण तिथे कायद्याने एक सूट दिलीये, ज्याला माहिती होतं तो स्वतः अठराच्या आतला असेल तर न कळवल्याबद्दल त्याला शिक्षा नाही. मला ती सूट योग्य वाटते. मुलांना शिक्षेची भीती घालून बोलतं करता येत नाही, उलट आधीच दोन दिवस गप्प बसलेलं मूल मग कधीच बोलणार नाही, कारण आता आपणच अडकू.

---

यश_सातारा

मी १९ चा आहे, इथे बहुतेक सगळे मोठे दिसताय म्हणून बोलू की नको असा विचार करत होतो. पिक्चर मी कियानूसाठी बघितला होता, सगळे त्यातल्या स्लेयर या मेटल बँडचं नाव घेतात म्हणून पण, त्यातलं म्युझिक भारी आहे.

(शेवट नाही पण मधला एक सीन फुटतोय.) मॅट शेवटी पोलिसांना फोन करतो ना, मग पोलीस त्याला बसवून विचारतात. आणि काय विचारतात तर तू लगेच का नाही सांगितलंस, तुला बॉडी बघून काय वाटलं, तुला काहीच कसं वाटलं नाही. तो म्हणतो माहिती नाही. पोलीस चिडतो. म्हणजे एवढ्या जणांनी बघितलं, त्यातल्या एकाने फोन केला, आणि ज्याने केला तोच शिव्या खातो, जे घरी बसले ते मजेत. मला तो सीन बघून इतका राग आला, कारण हे असंच होतं. अकरावीत असताना आमच्या क्लासच्या बाहेर एका मुलाला चार जणांनी बेदम मारलं होतं, आमच्यातल्या एकाने जाऊन सरांना सांगितलं, तर पहिला प्रश्न हा की तू तिथे काय करत होतास. दुसरा प्रश्न, तुझे आईवडील काय करतात. घरी फोन गेला. त्याच्या बाबांनी त्याचा मोबाइल काढून घेतला, की तू कशाला पडतोस असल्या भानगडीत. त्यानंतर आम्ही कोणीच काही सांगितलं नाही, दोन वर्षं, आणि सांगण्यासारखं बरंच होतं.

अनघा मॅडम म्हणतात ते चुगलीचं खरं आहे, ग्रुप सोडतो, पण ग्रुपची भीती अर्धीच असते, अर्धी भीती तुम्हा लोकांची असते, राग मानू नका. मुलाला सांगायचं असेल ना तर त्याच्या डोक्यात आधी हिशोब चालू होतो की मी हे सांगितलं तर मी तिथे होतो हे कळणार, कोणाबरोबर होतो हे कळणार, सिगरेट ओढत होतो हे कळणार. मग मेलेल्या माणसाची गोष्ट मागे पडते आणि सिगरेटची गोष्ट पुढे येते. मॅटच्या खिशात पण गांजाच होता.

---

स्नेहल_डोंबिवली

यश, राग कशाला येईल, तू लिहिलंस ते मी नवऱ्याला पण वाचायला दिलं. तो तुझ्या त्या मित्राच्या बाबांच्या बाजूने बोलायला लागला आणि मधेच थांबला.

सगळ्यांचे खूप आभार. श्रीरंगदादा, तुमचं गाडीचं वाचून कट्ट्याबद्दल थोडं वेगळं वाटायला लागलंय, तिथे निदान चहावाले काका आहेत. वर्षाताई, ते १४ वर्षांचं वाचून सुन्न झाले. जुना_प्रोजेक्टर, मुलाला दाखवायचं ठरवलंय पण एक अडचण आहे, बॉडी पूर्ण उघडी आहे आणि ती बराच वेळ दिसते, शिवाय तो स्लीपिंग बॅगमधला सीन. मी बरोबर बसून बघू का त्याला एकट्याला बघू देऊ?

---

जुना_प्रोजेक्टर

माझं विचाराल तर एकट्याला बघू दे. आई शेजारी असली की १६ चा मुलगा पिक्चर बघत नाही, आईचा चेहरा बघतो. स्लीपिंग बॅगचा सीन काढून टाकायचा मोह होईल पण नको, कारण मॅट आणि क्लॅरिसा तिकडे पार्कमध्ये जवळ येतायत आणि त्याच वेळी सॅमसन फेकला सांगतोय की मी तिला कसं मारलं, दोन्ही एकमेकांत गुंफून दाखवलंय, एकीकडे हात गळ्याभोवती प्रेमाने आणि दुसरीकडे तेच हात. पिक्चरची अख्खी जोखीम त्या पाच मिनिटांत आहे. आणि त्यात सॅमसन जे सांगतो, की मारताना मला जिवंत असल्यासारखं वाटलं, ते फेकसारख्या माणसाला सुद्धा झेपत नाही.

(इथून पुढे शेवट फुटतो, ज्यांना बघायचाय त्यांनी थांबा.) म्हणून शेवटी फेक त्याला मारतो. न्यायबिय नाही, त्याला दिसतं की मी ज्या गोष्टीसाठी इतकी वर्षं जळतोय ती या मुलाला लागतच नाहीये. खऱ्या घटनेत असं काही झालं नाही, खरा मुलगा तुरुंगात गेला. मला शेवट थोडा जुळवून आणल्यासारखा वाटतो हे कबूल करतो, पटकथेतला तेवढाच कच्चा धागा.

मुलाला आवडला तर नंतर ओव्हर द एज दाखवा, १९७९ चा, मॅट डिलनचा पहिला पिक्चर. त्याचा एक लेखक हाच टिम हंटर. तोही खऱ्या बातमीवरून, सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या फॉस्टर सिटीतली मुलं, नवंकोरं प्लॅन केलेलं उपनगर, बिल्डरने घरं बांधली, आणि गावात चौथा हिस्सा मुलं असून त्यांच्यासाठी जागा काय तर एक पत्र्याचं रिक्रिएशन सेंटर, तेही संध्याकाळी बंद. त्यात मुलं रागावलेली आहेत, शाळेवर चाल करून जातात, मोठ्यांना आत कोंडतात. सात वर्षांनी त्याच माणसाने रिव्हर्स एज केला आणि त्यातली मुलं रागावत पण नाहीत. दोन्ही एकापाठोपाठ बघितले की मधल्या सात वर्षांत काय झालं असेल याचा विचार करायला लागतो माणूस.

---

अनघा_नाशिक

बघू दे एकट्याला, मीही तेच म्हणेन. आणि बघून झाल्यावर तू असतास तर काय केलं असतंस हे कृपया विचारू नका, त्याचं बरोबर उत्तर त्याला माहिती आहे आणि तो तेच देईल. त्यापेक्षा विचारा की मॅटने फोन केल्यावर घरी गेला असता तर त्याच्या आईने काय करायला हवं होतं. त्याला बोलू दे, मधे बोलू नका, आणि त्यात तुमच्याबद्दल काही आलं तरी लगेच उत्तर देऊ नका.

---

स्नेहल_डोंबिवली

हे जमेल. शनिवारी त्याचा क्लास नाहीये, तेव्हा लावून देते. काय झालं ते इथे लिहीन, म्हणजे तो म्हणाला लिही तरच.